आमची वाटचाल: फॉरमॅट न मारता चालू करून देणारं दुकान

दारव्ह्याला २००८ साली दुकान टाकलं तेव्हा पाटीवर संगणक दुरुस्ती सगळ्यात वर आणि झेरॉक्स सगळ्यात खाली लिहिलं होतं. पोट मात्र झेरॉक्सवर चालायचं. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे तेव्हा धावत होती. तालुक्यात संगणक होते तरी किती? सरकारी कचेऱ्या, काही शाळा, बँका, एमएस-सीआयटीची केंद्रं, जिनिंगवाले आणि एखादा हौशी मास्तर. बहुतेक ठिकाणी विंडोज एक्सपी.

त्या काळात संगणक सुरू झाला नाही की सगळीकडे एकच औषध होतं: फॉरमॅट. सीडी टाकायची, सी ड्राइव्ह पुसायचा, नवीन विंडोज चढवायचं. सीडी कुठली असायची ते विचारू नका. गिऱ्हाईकही त्यालाच सरावलेलं. दुकानात पाय ठेवल्याबरोबर म्हणायचं, "भाऊ, फॉरमॅट मारून द्या, टेन्शनच नाही." आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, "माह्या फायली कुठं गेल्या बावा?"

आमचं नाव झालं ते एका शाळेच्या कारकुनामुळे. काळ्या पडद्यावर 'एनटीएलडीआर इज मिसिंग' एवढीच ओळ होती आणि डेस्कटॉपवर शिष्यवृत्तीच्या सगळ्या याद्या. दुसऱ्या एका दुकानात त्यांना फॉरमॅटचा सल्ला मिळाला होता. आम्ही एक्सपीच्याच सीडीतल्या आय३८६ या फोल्डरमधून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट या दोन फायली सी ड्राइव्हवर आणून ठेवल्या आणि मशीन सुरू झालं. कारकून साहेबांनी ही गोष्ट पुढच्या प्रत्येक मुख्याध्यापकांच्या सभेत सांगितली असावी, कारण त्यानंतर शाळांची कामं आपसूक येऊ लागली.

तेव्हापासून दुकानाचा एक नियम झाला. पडद्यावर काय लिहिलंय ते आधी वाचायचं, मग हात लावायचा. 'चालू होऊन नाही राहिला' ही तक्रार एकच असते, पण तिच्या आत चार-पाच निरनिराळे बिघाड असतात. हार्ड डिस्क सापडतच नाही, हा एक. डिस्क सापडते पण तिच्यावरचा बूट लोडर, म्हणजे विंडोजला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, सापडत नाही, हा दुसरा. बूट लोडर उठतो पण त्याला विंडोजचा पत्ता लागत नाही, हा तिसरा. विंडोज उठायला लागतं आणि अर्ध्या वाटेत निळा पडदा दाखवतं, हा चौथा. यातल्या मधल्या दोघांमध्ये गिऱ्हाइकाच्या फायलींना बहुतेक वेळा धक्कासुद्धा लागलेला नसतो. आमच्या दुकानात बसणारा पुतण्या गिऱ्हाइकाला समजावतो, "एसटीचा बोर्ड पडला म्हणून कोणी गाडी भंगारात टाकते का काका?"

जुन्या बायोसवाल्या मशीनमध्ये (बायोस म्हणजे बटण दाबताच मशीनमध्ये सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम) हा सगळा कारभार डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये असायचा. त्यातले ४४६ बाइट बूट लोडरच्या कोडचे, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याचे आणि शेवटचे २ सहीचे. एवढ्याशा जागेत दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवायच्या म्हणजे भांडण ठरलेलं. विंडोज ७ असलेल्या मशीनवर नंतर एक्सपी टाकलं की ७ गायब व्हायचं, कारण एक्सपीचा इन्स्टॉलर तिथे आपलाच जुना लोडर लिहून मोकळा व्हायचा. म्हणून जुनी सिस्टिम आधी, नवी नंतर, हा क्रम आम्ही भिंतीवर लिहून ठेवला होता.

मग लॅपटॉप आले. विंडोजचे पैसे वाचावेत म्हणून लोक 'डॉसवाला' लॅपटॉप घ्यायचे आणि डबा उघडण्याआधी आमच्याकडे आणायचे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून नव्या मशीनमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय ही नवी पद्धत आणि अनोळखी बूट लोडरला अडवणारं सिक्युअर बूट यायला लागलं आणि आमची जुनी विद्या अर्धी निकामी झाली. आता बूट लोडर पहिल्या ५१२ बाइटमध्ये राहत नाही. त्याच्यासाठी फॅट३२ मध्ये बांधलेलं एक छोटं पार्टिशन असतं, विंडोज ते साधारण १०० एमबीचं करतं, आणि त्यात ईएफआय नावाच्या फोल्डरात प्रत्येक सिस्टिमची वेगळी खोली असते. कोणाला आधी उठवायचं याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत राहते. एकदा हे समजलं की काम जुन्यापेक्षा सोपं आहे. समजेपर्यंत मात्र आम्ही बराच पेट्रोलचा खर्च करून यवतमाळच्या जाणकारांकडे चकरा मारल्या.

सगळ्यात जास्त लॅपटॉप बिघडतात ते विंडोज चढवायचा पेन ड्राइव्ह चुकीचा बनवल्यामुळे. रुफस हे फुकटचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्ह तयार करताना विचारतं, जीपीटी की एमबीआर. डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती: एमबीआर जुन्या बायोसची, जीपीटी यूईएफआयची. घाईत माणूस काहीही निवडतो. मग विंडोजचा इन्स्टॉलर म्हणतो की या डिस्कवर टाकता येत नाही, आणि माणूस वैतागून सगळी पार्टिशनं उडवतो. पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने बूट केला त्याच पद्धतीची डिस्क इन्स्टॉलर मागतो, एवढी एकच गोष्ट माहीत असती तर त्याच्या लग्नाचे फोटो वाचले असते.

दिवाळीला दुकानात वेगळीच गर्दी. यवतमाळ, पुसद, बडनेरा, शेगाव इथे इंजिनीअरिंग शिकणारी पोरं घरी येतात. विंडोजशेजारी उबुंटू, म्हणजे लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार, टाकलेलं असतं. सुट्टीत जागा कमी पडली की विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ते लिनक्सचं पार्टिशन उडवतात, आणि रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर फक्त ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूट लोडर. घरचे घाबरतात, वडील तर पोराच्या शिक्षणावरच येतात. खरं म्हणजे ग्रबचं पहिलं टोक त्या छोट्या पार्टिशनमध्ये शाबूत असतं, त्याची बाकीची फाइल जिथे होती ती जागा गेलेली असते. यूईएफआयवाल्या मशीनवर तिथे नुसतं एक्झिट टाइप केलं तरी बरेचदा विंडोज उठतं. नाहीतर सुरू करताना लेनोवो किंवा डेलवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९ दाबायचं आणि यादीतून विंडोज बूट मॅनेजर निवडायचा. मग यादीत विंडोजला वर आणलं की झालं. याच पोरांची दुसरी तक्रार घड्याळाची. उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मशीनच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ धरतं आणि विंडोज आपली, म्हणून हा फरक. उबुंटूला एक आज्ञा दिली की मिटतो. याचे आम्ही पैसे घेत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अशा दोन-सिस्टिमवाल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स उठेना आणि पडद्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' येऊ लागलं, तेव्हा मात्र त्यात पोरांचा काडीचा दोष नव्हता.

आमच्याकडच्या बिघाडांत लाईनचा वाटा मोठा आहे. शहरातल्या माणसाला हे पटत नाही, कारण लॅपटॉपला बॅटरी असते. बोरी अरब, लाडखेडकडून येणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली असते, सगळं चार्जरवर. विंडोजचं अपडेट चालू आहे, पडद्यावर 'बंद करू नका' लिहिलंय, आणि तेवढ्यात लाईन जाते. बूटची माहिती लिहिता लिहिता अर्धवट राहते. बॅटरीचे पैसे घालायला लोक तयार होत नाहीत, दुरुस्तीला पुन्हा पुन्हा येतात. आम्ही बॅटरीच घ्यायला सांगतो, धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणा असला तरी.

२०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि सेवा केंद्रांवर कास्तकारांची झुंबड उडाली. जुलै सरत आला होता. तालुक्यातल्या एका केंद्राचे भाऊ लॅपटॉप छातीशी धरून दुकानात शिरले. पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. मागे त्यांनी दुसरीकडून एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, बसवून घेतली होती, विंडोज एसएसडीवर टाकलं होतं आणि जुनी हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी बसणाऱ्या खोक्यात, म्हणजे कॅडीत, घातली होती. आता ती जुनी डिस्क खडखड वाजून मेली होती. भाऊ म्हणाले, "पण विंडोज तं एसएसडीवर आहे ना? मंग काहून चालू होऊन नाही राहिलं?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर थोड्यांना ठाऊक असतं. विंडोज चढवताना दोन डिस्क जोडलेल्या असल्या आणि एकीवर आधीच बूटचं पार्टिशन असलं, तर इन्स्टॉलर नवीन बनवायच्या भानगडीत न पडता आपला लोडर त्या जुन्यातच नेऊन ठेवतो. विंडोज नव्या डिस्कवर, त्याला उठवणारा जुन्या डिस्कवर. जुनी मेली की दोन्ही बंद. फॉरमॅट मारलं असतं तर अंगठ्याच्या मशीनचं ड्रायव्हर, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगचे फॉन्ट, सगळं पुन्हा बसवण्यात दिवस गेला असता आणि बाहेर रांग उभी. आम्ही मेलेली डिस्क काढली, पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं, डिस्कपार्ट या विंडोजच्याच साधनाने सी ड्राइव्ह थोडा आक्रसून मागे जागा केली, तिथे नवं ईएफआय पार्टिशन फॅट३२ मध्ये बांधलं आणि बीसीडीबूट ही आज्ञा देऊन विंडोजच्या फोल्डरमधूनच बूटच्या फायली तिथे घडवून घेतल्या. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' ही ओळ आली आणि भाऊंनी चहासुद्धा घेतला नाही, तसेच केंद्रावर पळाले. आता कोणालाही एसएसडी बसवून देताना विंडोज टाकेपर्यंत आम्ही जुनी डिस्क जोडतच नाही.

पैशाचा प्रश्न याच कामातून सुटला. फॉरमॅटला अर्धा दिवस लागतो, गिऱ्हाइकाला मेहनत दिसते, ते पैसे देतं. बूट लोडर पंधरा मिनिटांत नीट झाला की तेच गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशा कामाचे एवढे?" सुरुवातीला आम्ही ओशाळून कमी घ्यायचो. मग बायकोने, म्हणजे हिशेब जिच्याकडे आहे तिने, फलक लावला: बूट दुरुस्तीचा आणि फॉरमॅटचा दर एकच. ज्याला फॉरमॅट हवाच असेल त्याने मागावा. हल्ली क्वचितच कोणी मागतं.

नव्या लॅपटॉपनी वेगळे धडे दिले. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच मशीनमध्ये व्हीएमडी नावाची डिस्क सांभाळणारी सोय चालू असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब समजून लोक दुसरी विकत घेतात. इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन तिथेच भरला की डिस्क दिसते. व्हीएमडी बायोसमधून बंद करूनही दिसते, पण आधीपासून विंडोज असलेल्या मशीनवर ते सरळ बंद केलं तर हमखास निळा पडदा. पुन्हा चालू केलं की विंडोज परत येतं, हे ज्याला माहीत नाही तो फॉरमॅट मारून बसतो.

बिटलॉकर या डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीपुढे मात्र आमचं काही चालत नाही. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावला की मशीन ४८ आकड्यांची किल्ली मागतं. ती त्या खात्यात असते, आणि खातं लॅपटॉप विकणाऱ्याने कुठल्या तरी ईमेलवर उघडून दिलेलं असतं. खातं सापडलं तर किल्ली सापडते. नाही सापडलं तर डेटा गेला, आणि हे आम्ही तोंडावर सांगतो. कोणी 'काढून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा पाठिंबा संपला, तेव्हापासून रोजचं निम्मं काम विंडोज ११ वर जाण्याचं आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून लोक बायोसमध्ये लेगसीचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं, यूईएफआय करतात आणि मशीन उठत नाही. ते पुन्हा लेगसी केलं की उठतं, कारण डिस्क अजून एमबीआर पद्धतीची असते. आधी एमबीआर२जीपीटी या विंडोजमधल्याच साधनाने डिस्क बदलायची, मगच बायोस. डेटा जागेवर राहतो, तरी आम्ही प्रत आधी काढतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक मशीन अकराच्या यादीत नाहीत. नियम डावलून टाकता येतं, पण ज्याचं काम नुसतं इंटरनेट आणि पत्रं एवढंच आहे त्याला आम्ही लिनक्स मिंट सुचवतो. सेवा केंद्रवाल्यांना नाही, त्यांच्या अंगठ्याच्या मशीनची आणि सहीच्या सॉफ्टवेअरची सगळी घडी विंडोजवर बसलेली आहे.

आज दुकानात तिघं काम करतो, झेरॉक्सचं मशीन अजून आहे. दिग्रस, नेर, आर्णीहूनही लॅपटॉप येतात, काही एसटीच्या पार्सलने. आणताना चार्जर सोबत द्या, पडद्यावरच्या शेवटच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि लॅपटॉपच्या खात्याचा ईमेल ज्या मोबाइलवर आहे तो जवळ असू द्या. मंगळवारी बंद असतो.