रात्रपाळीच्या एका सहीसाठी चार महिने

बॉयलर ऑपरेटरला ऐन गडबडीत मदत करणारा स्क्रीन बनवायचा, तर आधी तो काय बघतो आणि काय ठरवतो याचं मॉडेल लागतं. गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका कारखान्यासाठी हे काम केलं. बाकीचं सगळं सहा आठवड्यांत उरकलं. कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला बसायच्या परवानगीला मात्र चार महिने लागले.

अर्ज दर वेळी त्याच शेऱ्यासह परत: 'अलार्म लॉग (अलार्म आणि ऑपरेटरच्या कृतींची यंत्रातली नोंद) दिला आहे, तो वापरावा.' लॉगमध्ये माणूस सापडत नाही हो! पावसात वीज डळमळली की अलार्मनी स्क्रीन भरतो. ऑपरेटर आवाज थांबवायला सगळे एकदम ॲक (‘बघितलं’ अशी पोच) करतो आणि लॉगवरून वाटतं, त्याने सगळे वाचले. १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. कोण वाचणार?

त्याहून मोठी अडचण ड्रम लेव्हलची, म्हणजे बॉयलरच्या वाफ-पाण्याच्या टाकीतल्या पातळीची. वाफेची मागणी अचानक वाढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी चढलेली दिसते. खरं तर पाणी कमी होत असतं. फीड वॉटर (बॉयलरला पुरवलं जाणारं पाणी) मॅन्युअलवर असेल तर नवखा ते घटवतो. बुडबुडे बसले की लेव्हल थेट लो-लो ट्रिपपर्यंत, म्हणजे बॉयलर आपोआप बंद पडतो त्या पातळीपर्यंत घसरते. मुरलेला ऑपरेटर वाफेचा आणि फीड वॉटरचा फ्लो जोडीने बघतो आणि व्हॉल्व्हला हात लावत नाही. हे हात न लावणंच मॉडेलमध्ये हवं, पण लॉगमध्ये तिथे एकही नोंद नसते. हे तीनदा लेखी दिलं.

शेवटी अर्जात एक ओळ वाढवली: 'नावे नोंदवणार नाही, नोंदी शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरणार नाही.' खाली कामगार प्रतिनिधीची सही घेतली. आठवड्यात परवानगी हातात! ही ओळ पहिल्याच अर्जात घाला.

प्रश्न कोंकणीत विचारा. इंग्रजीत विचारलं की उत्तरादाखल एसओपीच (कामाची छापील कार्यपद्धती) ऐकायला मिळते. आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: डीसीएस (कारखान्याची मुख्य नियंत्रण यंत्रणा) आणि पंपाच्या पीएलसीची (पंप चालवणारा छोटा कंट्रोलर) घड्याळं जुळवून घ्या. इथे ४० सेकंदांचा फरक होता, त्यामुळे लॉगमध्ये परिणाम आधी आणि कारण नंतर दिसत होतं.

आता नव्या स्क्रीनवर, लेव्हल चढत असताना वाफेचा फ्लो फीड वॉटरपेक्षा जास्त असेल, तर ते दोन्ही आकडे लेव्हलच्या अगदी शेजारी ठळक होतात. नवा अलार्म एकही वाढवला नाही.