निकाल आधीच फुटला होता, तरी

४ जानेवारी १९९९ चा 'रॉ', म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या रेसलिंगचा भाग, परवा पुन्हा लावला. आख्खा भाग बघायची गरज नाही, मधला बराचसा भाग आज बघवतही नाही. शेवटची मॅच बघायची. द रॉक विरुद्ध मॅनकाइंड, म्हणजे मुखवट्यातला मिक फॉली, पणाला डब्ल्यूडब्ल्यूएफचा मुख्य पट्टा.

ज्यांनी नव्वदच्या दशकात केबलवर हे सगळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेव्हा अमेरिकेत दर सोमवारी रात्री दोन कंपन्या एकाच वेळी कुस्त्या दाखवायच्या. इकडे डब्ल्यूडब्ल्यूएफचा रॉ, तिकडे डब्ल्यूसीडब्ल्यूचा नायट्रो. १९९६ पासून पुढे सलग ८३ आठवडे नायट्रोने रॉला प्रेक्षकसंख्येत मागे टाकलं होतं. १९९८ च्या एप्रिलमध्ये ती मालिका तुटली, पण डब्ल्यूसीडब्ल्यू तरीही तगडीच होती. हल्क होगन, गोल्डबर्ग, केविन नॅश, सगळे तिच्याकडे.

त्या रात्रीचा नायट्रो अटलांटाच्या जॉर्जिया डोममधून थेट चालू होता. रॉ मात्र २९ डिसेंबरलाच मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी चित्रित होऊन डबाबंद झाला होता. म्हणजे निकाल काय लागला, हे समोरच्या कंपनीलाही ठाऊक होतं. मग त्यांच्या प्रमुखाने, एरिक बिशॉफने, समालोचक टोनी शियावोनीला हेडफोनमधून सांगितलं की फोडून टाक. शियावोनीने फोडलं. पलीकडे चॅनल बदलायचा विचारही करू नका, कारण आपल्याकडे पूर्वी कॅक्टस जॅक म्हणून खेळायचा तो मिक फॉली आज त्यांचा वर्ल्ड टायटल जिंकणार आहे, असं तो म्हणाला. वर खोचकपणे जोडलं की आता काय, त्यांची तिकिटं धडाधड खपतील.

आणि लोकांनी रिमोट उचलून रॉ लावला. त्या रात्री रॉचं रेटिंग ५.७ आणि नायट्रोचं ५.०.

बिशॉफचं गणित असं की निकाल कळला की बघणार कोण? हा माणूस आमच्या कुडाळकडे जत्रेला आला असता तर असं बोलला नसता. दशावतारात असुर मरणार हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी लोक देवळासमोर घोंगडी अंथरून पहाटेपर्यंत बसतात, कारण तो कसा मरतो ते बघायचं असतं. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे, पखवाज चढला की युद्ध. त्या काळच्या रेसलिंगमध्येही माइक हातात घेऊन बोलायचं ते बरंचसं असंच, चार मुद्दे ठरवून बाकी ज्याच्या त्याच्या जिभेवर. रॉक आणि फॉली दोघेही त्यात पट्टीचे.

फॉली दिसायला चॅम्पियन अजिबात नव्हता. सुटलेलं पोट, अस्ताव्यस्त केस, चामडी मुखवटा, पुढचे दात गेलेले. उजवा कान अर्धा, तो १९९४ मध्ये म्युनिकला व्हेडरशी खेळताना रिंगच्या दोरांत अडकून गेला. १९९८ च्या जूनमध्ये पिट्सबर्गला अंडरटेकरने त्याला पिंजऱ्याच्या छपरावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं होतं, ते तर सगळ्यांनाच आठवत असेल. आमच्या ट्रम्प कार्डांच्या कॅटमध्ये छाती, दंड, रँक असे रकाने असायचे, आणि मॅनकाइंडचं पान हातात आलं की तोंड वाकडं व्हायचं.

आमच्याकडे स्टार स्पोर्ट्सवर हे भाग अमेरिकेनंतर उशिराने यायचे आणि आम्हाला निकाल फोडणारा कुणी नव्हता. माझी आजी शेंगा सोलत शेजारी बसायची. मॅनकाइंडने मुखवटा वर केला की तिचा ठरलेला प्रश्न, "दात खंय गेले रे ह्येचे?" इंग्रजी तिला अक्षर कळायचं नाही, पण खल कोण हे ती पहिल्या मिनिटात ओळखायची.

खल होता डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक. विन्स मॅकमॅन. १९९८ च्या नोव्हेंबरमधल्या सर्व्हायव्हर सीरिजमध्ये मॅनकाइंडने हार मानलेली नसताना विन्सने घंटा वाजवायला लावली आणि पट्टा रॉकला दिला. डिसेंबरात मॅनकाइंडने रॉकला बेशुद्ध करून हरवलं, तर विन्सने पट्टा रॉककडेच ठेवला. कारण काय, तर रॉकने हार मानली नाही, तो नुसता बेशुद्ध पडला! म्हणून ४ जानेवारीच्या भागात मॅनकाइंडने विन्सच्या पोराला, शेनला, आवळून धरलं आणि खांदा मोडण्याची धमकी देऊन नियम नसलेली मॅच पदरात पाडून घेतली.

मॅच म्हणून ती काही महान नाही. रिंगच्या एका बाजूला विन्सची माणसं, दुसऱ्या बाजूला मॅनकाइंडच्या मदतीला आलेली डीएक्स नावाची पैलवानांची टोळी. विन्सचा केन शॅमरॉक खुर्ची घेऊन मॅनकाइंडवर तुटून पडतो, डीएक्सचा बिली गन त्याला भिडतो, बाहेर सगळ्यांची एकच झुंबड. आणि मग काच फुटल्याचा तो आवाज. विन्सच्या हाडवैऱ्याचं, स्टोन कोल्ड ऑस्टिनचं संगीत. वूस्टरच्या त्या हॉलमध्ये जो गदारोळ उठतो तो हेडफोन लावून ऐका, माझ्या मते टीव्हीवरच्या रेसलिंगमधला सगळ्यात मोठा. ऑस्टिन येतो, रॉकच्या डोक्यात खुर्ची घालतो, मॅनकाइंडला ओढून त्याच्यावर टाकतो. एक, दोन, तीन. डीएक्सवाले फॉलीला खांद्यावर घेतात, तो घरी बसलेल्या आपल्या दोन लेकरांसाठी माइकवर ओरडतो. आमच्या घरी आजी म्हणाली, "बरां झालां, त्या चष्म्यावाल्याचो माज उतारलो."

आता त्याच रात्रीच्या नायट्रोचा शेवट बघा. चाळीस हजारांच्या आसपास माणूस डोममध्ये जमलेलं, आणि गोल्डबर्ग तर अटलांटाचाच. सहा महिन्यांपूर्वी याच इमारतीत त्याने होगनकडून पट्टा घेतला होता आणि आठवडाभर आधी नॅशने त्याला विजेच्या दांडक्याचा झटका बसल्यावर हरवून तो काढून घेतला होता. लोक गोल्डबर्ग विरुद्ध नॅश बघायला आलेले. पण गोल्डबर्गला कथेतच पोलीस पकडून नेतात आणि त्याच्या जागी होगन उतरतो. घंटा होते. होगन नॅशच्या छातीला एक बोट लावतो. सात फुटी नॅश धाडकन आडवा पडतो आणि होगन चॅम्पियन! मग दोघे गळ्यात गळे. सुटून आलेल्या गोल्डबर्गला धरून बडवतात, त्याच्या पाठीवर रंगाचा फवारा मारतात.

ही नुरा कुस्ती म्हणून मला राग येत नाही. वूस्टरची मॅचही ठरलेलीच होती. पण तिथे फॉली आणि रॉकने ती खेळून दाखवली, घाम गाळला, प्रेक्षकाच्या वेड्या आशेचा मान राखला. अटलांटात दोन कोट्यधीशांनी तिकीट काढून आलेल्या माणसाच्या तोंडावर सांगितलं की आम्ही तुमच्यासाठी पडायचे कष्टसुद्धा घेणार नाही. डब्ल्यूसीडब्ल्यू या एका रात्रीत बुडाली असं म्हणतात, ते मला पटत नाही. तिची दुखणी जुनी होती, खर्च बेसुमार होता आणि ती विकली गेली थेट २००१ च्या मार्चमध्ये, तीही विन्सलाच. पण बोटाने पडलेल्या नॅशकडे बघणाऱ्या त्या प्रेक्षकांना पुढच्या तिकिटाचे पैसे काढताना काय आठवलं असेल?

फॉलीकडे पट्टा तीन आठवडेही टिकला नाही. २४ जानेवारीच्या रॉयल रंबलमध्ये रॉकने बेड्या घातलेल्या फॉलीच्या डोक्यात खुर्चीचे घाव घातले, एकामागून एक, ठरल्यापेक्षा बरेच जास्त. समोर पहिल्या रांगेत त्याची बायको आणि तीच दोन लेकरं बसलेली, मुलगी रडत होती. घाव खरे होते, डोकंही खरं. २०१० मध्ये कंपनीने डोक्यात खुर्ची मारणं बंदच केलं, ते उशिराच झालं असं माझं मत आहे. रंबलची मॅच मी पुन्हा लावत नाही, ४ जानेवारीचीच लावतो.