कष्टाळू काम?

परवा एका अहवालाचं मराठी करताना 'लेबर-इंटेन्सिव्ह' या इंग्रजी विशेषणापाशी तासभर अडकले. काम असं, की यंत्रं कमी, माणसं जास्त. आधीच्या मसुद्यात कुणीतरी 'कष्टाळू काम' लिहून ठेवलं होतं. (कष्टाळू माणूस असतो हो, काम नव्हे!) ते खोडलं.

'श्रमप्रधान' हा अर्थशास्त्राचा शब्द, 'भांडवलप्रधान'च्या जोडीचा. उद्योगाला शोभतो. पण जुनी हस्तलिखितं अक्षर न् अक्षर ताडून पाहणाऱ्याला 'तुमचं काम श्रमप्रधान' म्हणा, हसेल तो. त्याचं काम किचकट, डोळेफोडीचं. ओझी वाहणं अंगमेहनतीचं. 'वेळखाऊ'त तक्रार डोकावते, 'जिकिरीचं' म्हटलं की जीव मेटाकुटीला आल्यासारखं वाटतं.

मला 'मेहनतीचं' आवडतं. मूळ अरबी, फारसीतून आलेलं, पण आता पुरतं घरचं. नामाबरोबर वळतंही: मेहनतीचा धंदा, मेहनतीची कला. 'श्रमप्रधान' मात्र जागचं हलत नाही.

शेवटी तक्त्याच्या मथळ्यात 'श्रमप्रधान' ठेवलं आणि खाली मजकुरात सरळ लिहिलं, 'या कामाला माणसं फार लागतात.' संपादकांनी मथळ्यातही तेच घातलं.