चिन्ह आमचं, उमेदवार कोणाचा?

आमच्या पक्षाचं नाव मी या पोस्टमध्ये कुठेही लिहिणार नाहीये. एक तर मला याच गावात राहायचंय, आणि दुसरं म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर-लांजा पट्ट्यातल्या कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने हे वाचलं तरी त्याला आपल्याच पक्षाबद्दल लिहिलंय असं वाटेल. मी बऱ्याच जणांशी बोललेय, चारी पक्षांतल्या, आणि सगळ्यांचं दुखणं एकच निघालं की आमचा उमेदवार आम्हाला न विचारता वरून येतो, आणि हल्ली तर तो बहुतेक वेळा समोरच्या पक्षातून येतो.

निवडणूक हरल्याचं आम्हाला एवढं वाईट वाटत नाही हो. हरलोय आम्ही पुष्कळदा. हरल्यावर दोन दिवस तोंड पाडून बसायचं, तिसऱ्या दिवशी शेतीच्या कामाला लागायचं, हे अंगवळणी पडलंय. पण ज्या माणसाच्या विरोधात पाच वर्षं वाडीवाडीत बोललो त्याचाच बॅनर आपल्या हाताने बांधायचा, हे नाही जमत. निदान मला तरी नाही जमलं.

झालं असं की आमच्या वाडीला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव हवाय, लहानसा पूल. मी शाळेत होते तेव्हापासून हवाय. पावसाळ्यात पऱ्या भरला की शाळेची पोरं अडकतात, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, नाहीतर वरच्या अंगाने सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, चढून लांबचा वळसा घ्यायचा. तर हा साकव एकदा मंजूर झाला होता आणि तो पैसा दुसरीकडे वळवला गेला, आणि कोणी वळवला हे आख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे, मी स्वतः मागच्या निवडणुकीत प्रत्येक घराच्या पडवीत बसून हेच सांगितलंय की बघा बाबा, याला मत देऊ नका, याने आपला साकव घालवला. लोकांनी ऐकलं. आमच्या बूथवर आम्हाला लीड मिळालं. आणि आता तोच माणूस एका संध्याकाळी मुंबईत पक्षप्रवेश करतो काय, गळ्यात आमचं उपरणं काय, आठवड्याभरात एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, त्याच्या खिशात काय! आम्हाला कळलं ते व्हॉट्सॲपवर फोटो आला तेव्हा. कोणी फोन केला नाही, कोणी बैठक घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचा फोन, "ताई, उद्या नारळ फुटतोय, महिला मंडळ घेऊन या." मी म्हटलं भाऊ, मी कुठल्या तोंडाने जाऊ? तर म्हणाले, "वरून आदेश आहे ताई, आपण कोण विचारणारे?"

त्या वाक्याचा राग माझ्या मनातून जात नाहीये म्हणून ही पोस्ट लिहितेय. आपण कोण म्हणजे काय? सांगते आपण कोण.

बूथवर काम करणारा माणूस काय करतो हे वरच्या नेत्यांपैकी कितीजणांना माहीत असेल देव जाणे. मतदार यादी आली की एकेक पान घेऊन बसायचं. हा मुंबईला, डोंबिवलीला की नालासोपाऱ्याला, ही लग्न होऊन देवरुखला गेली पण नाव अजून इथेच, हे आजोबा गेल्या शिमग्याला वारले, यांचं नाव एकदा बरोबर आणि एकदा चुकीच्या आडनावाने आलंय, हे सगळं पेनाने खुणा करून लिहायचं. मग घरोघर स्लिपा. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून 100 मीटरच्या बाहेर (2025 च्या आधी 200 मीटर होतं) एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर ताडपत्री, निवडणूक आयोगाने तेवढंच ठरवून दिलंय, तिथे सकाळी सातपासून बसायचं. दुपारी तीनला यादीवर किती नावांपुढे खूण झाली ते बघायचं आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी माणूस पाठवायचा, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची गाय व्यायलेय, कोण रुसून बसलाय, सगळ्यांची समजूत काढायची. हे सगळं फुकट. माझ्यासारख्या बायका घरचं रांधून, भाकऱ्या झाकून ठेवून हे करतात. आमच्या शब्दावर लोक मत देतात. उमेदवाराला ते ओळखतही नसतात, ते मला ओळखतात.

म्हणून शेजारच्या काकी जेव्हा मला म्हणाल्या, "गेल्या खेपेला तूच सांगितलंस ना गो, याला मत देऊ नको म्हणून? मग आता काय झालं?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पक्षाकडे असेल तर पक्षाने येऊन काकींना द्यावं, पडवीत बसून, त्यांच्या डोळ्यात बघून.

माझे वडील समाजवादी. तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने 1957 ला समाजवादी नेते बॅरिस्टर नाथ पैंना दिल्लीला पाठवलं आणि ते 1971 ला जाईपर्यंत तेच खासदार होते, मग मधु दंडवते 1971 पासून पाच वेळा निवडून आले. वडील सांगायचे की सभेला लोक कंदील घेऊन चालत जायचे आणि परत येताना भाषणावर वाद घालत यायचे. दंडवते 1991 ला पडले. कोकण रेल्वेसाठी ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, त्यांनाच आपल्या लोकांनी पाडलं, आणि 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली तेव्हा ते इथले खासदार नव्हते. पण हरल्यावर ते दुसऱ्या दुकानात गेले का? नाही गेले. 2005 ला वारले तोपर्यंत लोकांना माहीत होतं की हा माणूस कुठे उभा आहे. वडिलांनी त्यांना मत दिलं, मग पुढे मी आणि माझा भाऊ वेगळ्या पक्षात गेलो, घरात भांडणं झाली, पण वडिलांना आमचा पक्ष आवडत नसला तरी त्यांनी आम्हाला कधी तिथे जाऊ नका असं म्हटलं नाही. पटलं तर तिथेच राहा एवढंच म्हणायचे.

आता कोणी म्हणेल पक्षांतरबंदी कायदा आहे ना. आहे की. 1985 ला आला, 2003 ला दुरुस्ती करून एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली, आता दोन तृतीयांश लोकांचं विलीनीकरण लागतं. पण हा कायदा निवडून आलेल्या आमदार-खासदारांना लागतो. निवडणुकीच्या तोंडावर राजीनामा देऊन किंवा नुसताच या दारातून त्या दारात गेलेल्या माणसाला तो अडवत नाही. आणि पक्षाने उमेदवार कसा निवडावा यावर तर जवळजवळ काहीच बंधन नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1989 पासून पक्षाची नोंदणी होते, पक्ष घटना लिहून देतो, अंतर्गत निवडणुका घेऊ म्हणतो, पण तिकीट देताना तालुक्याच्या कार्यकर्त्यांचं मत घेतलंच पाहिजे असं कुठेही नाही. सगळा अधिकार एबी फॉर्मवर सही करणाऱ्याच्या हातात.

यावर पक्षातले लोक एकच शब्द तोंडावर मारतात, निवडून येण्याची क्षमता. अहो, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2020 मध्ये सांगितलंय की गुन्हे दाखल असलेल्याला तिकीट दिलं तर कारणं जाहीर करा, आणि नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. कोर्टाला जे कळतं ते पक्षाला का कळू नये? आणि क्षमता म्हणजे नक्की काय मोजता? विधानसभेला खर्चाची मर्यादा 40 लाख आहे आणि मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या कोणाच्या पैशाने येतात हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. मतदारांना फुकट गाडीने आणणं हा कायद्याने भ्रष्ट मार्ग आहे. आमच्याकडे तो खर्च जो करू शकतो त्याला क्षमता असलेला म्हणतात.

बरं, उमेदवार सोडा, पक्ष तरी आपल्या बोलण्यावर उभा आहे का? नाणारची रिफायनरी 2019 ला रद्द झाली, आम्ही फटाके वाजवले, मग रिफायनरीसाठी आमच्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव आलं. 2023 च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी आमच्या तालुक्यातल्या बाया रणरणत्या उन्हात सड्यावर बसल्या होत्या. त्यांच्यापैकी कितीतरी जणी वर्षानुवर्षं एकाच चिन्हाला मत देणाऱ्या. विरोधात असताना नेते त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतात, सत्तेत गेले की फोन उचलत नाहीत, हे इथल्या लोकांनी एका नाही, सगळ्या पक्षांच्या बाबतीत बघितलंय. रिफायनरी हवी की नको यावर माझं मत आहे, ते वेगळ्या पोस्टमध्ये लिहीन, पण पक्षाचं जे काय असेल ते खुर्ची बदलली म्हणून बदलू नये, एवढंच मागणं आहे.

मुंबई-गोवा हायवेचं तेच. पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम 2011 ला सुरू झालं, सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली आणि आमचे चाकरमानी दर गणपतीला खड्ड्यांतूनच येतात. मच्छीमारांचं तेच, एलईडी लाईट लावून मासे मारायला केंद्राने 2017 ला बंदी घातलीय, तरी नाट्याच्या, जैतापूरच्या लहान होडीवाल्यांना विचारा समुद्रात रात्री उजेड दिसतो का.

आणि राजकोट किल्ला. मालवणला 4 डिसेंबर 2023 ला तिथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो पडला. आठ-नऊ महिन्यांत. त्या दिवशी मी रडलेय, खरंच सांगते. आणि आमच्या पक्षाच्या ग्रुपवर काय आलं, तर समोरच्यांना कसं उत्तर द्यायचं त्याचे तयार मेसेज, सगळ्यांनी स्टेटसला ठेवा म्हणून. महाराजांचा पुतळा पडलाय आणि आमची माणसं मुद्दे वाटतायत. मी तो मेसेज पुढे पाठवला नाही. माझा पक्षावरचा विश्वास उडायला सुरुवात त्या दिवशी झाली, साकववाल्याचा पक्षप्रवेश नंतरचा.

आता करायचं काय? घरी बसणं मला मान्य नाही. घरी बसलेल्याची नोंद कोणी ठेवत नाही, उलट त्यांना तेच हवं असतं. नोटा, म्हणजे यंत्रावरचं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण, 2013 पासून आहे, पण विधानसभा-लोकसभेला नोटाला पहिल्या नंबरची मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 ला महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी नियम केला की नोटा पुढे असेल तर फेरनिवडणूक, तो सगळ्या निवडणुकांना लागला तर पक्षांना थोडी तरी भीती बसेल. तोपर्यंत मी प्रत्येक उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र काढून वाचणार, गुन्हे, मालमत्ता, सगळं. आयोगाच्या साईटवर असतं, मोबाईलवर दिसतं, आणि वाडीतल्या बायकांनाही मी वाचून दाखवणार, आमच्याही उमेदवाराचं आणि समोरच्याचंही. मग ज्याला मत द्यायचं त्याला द्या. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं तेव्हा आपण माणूस बघूनच मत देतो ना? मग जिल्हा परिषदेला आणि विधानसभेला डोळे का मिटायचे?

पक्ष मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. ज्या विचारासाठी मी यात आले तो कोणा आयात माणसाच्या मालकीचा नाही, मग मी का निघू? पण टेबलावर मी बसणार नाही आणि स्लिपा वाटणार नाही, हे मी तालुक्याला लेखी कळवलंय. पत्रात तीन गोष्टी मागितल्यात. तिकीट देण्याआधी गटातल्या सगळ्या बूथप्रमुखांची बैठक घ्या आणि कोण काय बोललं ते कागदावर ठेवा. दुसऱ्या पक्षातून आलेल्याला निदान एक निवडणूक तिकीट नको, आधी त्याने आमच्याबरोबर टेबलावर बसावं. आणि या साकववाल्याला प्रचाराला फिरवण्याआधी आमच्या वाडीत पाठवा, साकवाच्या पैशाचं काय झालं ते त्याने तिथे उभं राहून सांगावं.

पत्राची पोच आली नाही. विभागप्रमुख दोनदा घरी येऊन गेले, चहा प्यायले, "ताई जरा सबुरीने घ्या" म्हणाले. मी म्हटलं भाऊ, मी सबुरीनेच घेतेय, तुम्हीही सही करा या पत्रावर. ते काही न बोलता उठले, पण काल त्यांनी आमच्या दुसऱ्या एका बूथवाल्याकडून त्याची झेरॉक्स मागवून घेतलीय म्हणे. आतापर्यंत शेजारच्या तीन गावांतल्या बूथच्या लोकांनी सही केलीय, त्यात दोघी बायका आहेत. तुमच्या गावात, तुमच्या पक्षात हेच चाललं असेल तर पत्राचा मजकूर माझ्याकडे आहे, पक्षाचं नाव तेवढं बदला आणि तुमच्या तालुक्याला द्या.