भूभूंचा फराळ

वसुबारस, रात्रीचे पावणेबारा.

ओटीजी आत्ता बंद केला, पण दार उघडलं नाहीये. शेवटचा घाणा सकाळपर्यंत आतच राहू देणारे. घरभर भाजलेल्या दाण्यांचा आणि नाचणीचा खमंग वास सुटलाय आणि आमची कुत्री बबडी गेले तीन तास ओट्यापाशी पोट जमिनीला टेकवून बसलीये, नाक तेवढं हलतंय. तिला टेस्टिंगचे दोन शंकरपाळे मिळालेत, त्याच्यावर नाही, कारण असं बाहेरचं खाणं दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ द्यायचं नसतं आणि बाईंचं वजन आधीच वाढलंय.

हे मी का सुरू केलं ते लिहून ठेवते, कारण मलाच दरवर्षी आठवतं. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत पाहुणे बसले होते, चिवड्याची डिश टीपॉयवर, आणि मी चहा आणायला आत गेले तेवढ्यात बबडीने डिश साफ केली. चिवड्यात मूठभर बेदाणे होते. मला तोपर्यंत चॉकलेट नको, कांदा-लसूण नको इतकंच माहीत होतं, बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात हे फोनवर डॉक्टर म्हणाले तेव्हा कळलं. किती खाल्ले तर बाधतात याचा नेम नसतो, एखाद्याला थोड्यानेही होतं. लगेच नेलं, उलटी करवली, दोन दिवस सलाईन, रक्ताच्या तपासण्या. वाचली. पण त्या लक्ष्मीपूजनाला मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते आणि डोक्यात एकच, की आपण आपल्या माणसांसाठी चार डबे भरून करतो आणि जिचं नाक दिवसभर त्या डब्यांना लागलेलं असतं तिच्यासाठी सुरक्षित असं काहीच करत नाही. तेव्हा ठरवलं, पुढच्या वर्षीपासून त्यांचाही फराळ. आणि फक्त बबडीचा नाही, बिल्डिंगमधल्या सगळ्यांचा.

यंदा गेटवरचे दोघं धरून अकरा जण आहेत.

रेसिपी म्हणजे काही विशेष नाही, दोन वाट्या नाचणीचं पीठ, एक वाटी ज्वारीचं, एक वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, अर्धी वाटी भाजलेले दाणे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवून. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, आणि सवयीने जायफळ किसायला हात जातो तो आवरायचा, जायफळ पण त्यांना चालत नाही. विकतचं पीनट बटर मी घेतच नाही कारण शुगर फ्री असेल तर त्यात कधीकधी झायलिटॉल असतं आणि त्याने कुत्र्याची साखर एकदम खाली येते, लिव्हरलाही धोका असतो.

गेल्या वर्षी अंडं घातलं होतं, पण आज वसुबारस, आईंच्या स्वयंपाकघरात अंडं नको वाटलं. म्हणून नुसत्या भोपळ्यावर मळलं तर लाटताना कडेला चिराच चिरा, नाचणीला चिकटपणा नसतो ना, पोळपाटावरून उचलली की मधोमध तुटायची. आई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं रताळं घाल उकडून, धरेल ते." घातलं एक मोठं रताळं. काय सुरेख गोळा झाला! मग त्यांनी स्वतःच लाटणं घेतलं हातातून आणि शंकरपाळ्याचं कातण काढलं, ते जुनं पितळी, ज्याचं चाक जरा डुगडुगतं. जाडसर लाटून, आधी उभ्या रेघा मग तिरक्या, प्रत्येक शंकरपाळ्याला झालर. काळपट चॉकलेटी, मध्ये भोपळ्याचा एखादा केशरी ठिपका. इतकी नीट मापाची कापली त्यांनी, माणसांच्या फराळाला कापतात तशीच, जरा वाकडी झालेली बाजूला काढून परत गोळ्यात घातली. मी म्हटलं आई, ते काय बघणारेत का. तर म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना देताना वाकडंतिकडं कशाला द्यायचं?" मग थोड्या वेळाने त्यांच्याच लक्षात आलं की यात गहू नाही, दूध-तूप नाही, म्हणजे त्यांचा आजचा उपास आणि हे दोन्ही एकाच नेमाचं. केवढ्या खूश झाल्या.

१७० डिग्रीला अर्धा तास, मग बंद ओव्हनमध्ये तसंच वाळू द्यायचं. हे वाळवणं फार महत्त्वाचं आहे. पहिल्या वर्षी घाईत कोमट असतानाच पिशव्या बांधल्या आणि चौथ्या दिवशी दोन पुड्यांत बुरशी. ज्यांना दिल्या त्यांच्या घरी जाऊन जाऊन परत मागून आणल्या, कुणाच्या पोटात गेली असती तर? तेव्हापासून कडक वाजल्याशिवाय भरत नाही, आणि प्रत्येक पुडीवर चिठ्ठी, काय काय घातलंय, कधी केलंय, आठ दिवसांत संपवा. एखाद्याला दाणे सोसत नसतात, कुणाला आणखी काही, ते त्या घरच्यांना वाचून कळायला हवं.

संध्याकाळी गेटवरच्या दोघांच्या पुड्या वॉचमन दादांकडे दिल्या. ते नेपाळचे. म्हणाले आमच्याकडे तिहारचा दुसरा दिवस कुत्र्यांचाच, टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात, गोडधोड खायला घालतात. आपल्या नरक चतुर्दशीच्या दिवशीच येतो तो. गेल्या वर्षी या दोघांच्या गळ्यात माळा दिसल्या होत्या त्या त्यांनीच घातलेल्या, आणि मला वाटत होतं सोसायटीतल्या पोरांनी. म्हणाले, "पुड्या त्याच दिवशी फोडणार ताई." त्यांना सांगितलं मग, फुलं मी आणते.

दहा पुड्या झाल्या. अकरावी नाही.

चौथ्या मजल्यावरची लॅब्रेडॉर, तेरा वर्षांची म्हातारी. तिची किडनी उन्हाळ्यापासून अधू झालीये. मी काकूंना आधीच विचारलं होतं, त्यांनी डॉक्टरांना विचारून कळवलं, ठरवून दिलेल्या खाण्याशिवाय काहीच नाही. बरोबरच आहे, दाण्यात फॉस्फरस भरपूर, तिला ते नकोच. पण मला दिवसभर चैन पडेना. दोन्ही वर्षं पहिली पुडी तिची असायची, पुडी दिसली की तिची शेपटी सोफ्यावर धप धप.

मघाशी वर जाऊन आले. काकू एकट्याच असतात, काका गेल्यापासून. म्हणाल्या खाण्याचं काही नाही गं, तिला आता तसंही नको असतं, पण फटाके सुरू झाले की ती बाथरूममध्ये जाऊन भिंतीला डोकं लावून थरथरते आणि मला गुडघ्यांमुळे तिच्याजवळ खाली बसवत नाही.

मला बसवतं. लक्ष्मीपूजनाला आमची पूजा साडेसहालाच उरकून घ्यायची असं आईंशी बोलून झालंय, बबडीजवळ हा थांबेल, आणि साडेसातला मी वर. जुनी गोधडी धुवून ठेवलीये, बाथरूमच्या गार फरशीवर घालायला.