बंडूचं कॅलेंडर

आजींनी माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या टेबलावर ठेवलेली पिशवी पाहून मला आधी वाटलं, काहीतरी खायला आणलंय. उघडली तर आत केस. फिकट पिवळे, मऊ, लहानशी उशी भरेल इतके.

"हे तीन दिवसांचे," आजी म्हणाल्या. "मुद्दाम साठवलेत. घरात सगळ्यांना वाटतं, मी वाढवून सांगते."

टेबलाखाली बंडू. पाच वर्षांचा लॅब्राडोर, स्वभावाने गरीब, अंगाने थोडा जास्तच भरलेला. आजींबरोबर त्यांचा मुलगा आणि अकरा वर्षांची नात. तक्रार एका ओळीची होती: केस फार गळतात, चांगलं खाणं सुचवा. मग मुलाने हळू आवाजात जोडलं, की नातीला सारख्या शिंका येतात, नाक वाहतं, आणि केस थांबले नाहीत तर बंडूसाठी दुसरं घर बघावं लागेल. नातीने मान खाली घातली. आजी खिडकीबाहेर बघू लागल्या.

केसांसाठी खाणं विचारायला येणारे रोज दोन-तीन तरी असतात. कल्पना चुकीची नाही. केस म्हणजे बहुतांशी प्रथिनंच. खाण्यात प्रथिनं निकृष्ट असली, लिनोलेइक आम्ल (तेलातलं एक मेदाम्ल) किंवा झिंक कमी पडलं, की त्वचा कोरडी पडते, कोंडा होतो, केस निस्तेज होऊन झडतात. पण बंडूच्या खाण्यात तसं काही कमी नव्हतं. उलट गेल्या वर्षभरात त्यांनी चार प्रकारची तयार खाद्यं बदलली होती. आधी चिकनचं, मग मेंढीचं, मग माशाचं आणि शेवटी धान्यविरहित. मी पाकिटांचे फोटो मागितले. 'मेंढीच्या' पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत चिकनही होतं आणि बीफही. पुढचं मोठं अक्षर वाचून आपण खाणं बदललं असं वाटतं, पण मागचं बारीक अक्षर तेच राहतं. धान्यविरहित खाण्याचं तर मला कधीच पटलेलं नाही. कुत्र्यांत गव्हाची ॲलर्जी असते, पण बीफ, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन यांची जास्त आढळते. शिवाय 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, अशा काही खाण्यांचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध आहे का, याचा तपास सुरू केला. संबंध पक्का सिद्ध झालेला नाही, पण कारण नसताना त्या वाटेला जायची गरजही नाही.

मुलाने एक छापील अहवालही आणला होता. घरबसल्या केस आणि लाळ पाठवून केलेली ॲलर्जीची चाचणी. त्यात बंडूला चालत नसलेल्या पदार्थांची पानभर यादी. मी ती बाजूला ठेवली, तेव्हा त्याचा चेहरा पडला, कारण पैसे गेले होते. पण 2019 मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी अशाच एका चाचणीसाठी खोट्या फरचे धागे आणि मिठाचं पाणी पाठवून पाहिलं होतं, आणि त्या 'कुत्र्या'लाही ॲलर्जी निघाल्या. खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताची चाचणीसुद्धा भरवशाची नाही. हे सांगताना मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण त्याऐवजी मी जे सुचवणार असते ते फार कंटाळवाणं असतं.

त्याआधी मी बंडूच्या पोटाजवळचे थोडे केस चिमट्याने उपटले आणि काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिले. निरोगी केसाचं टोक निमुळतं होत जातं. बंडूच्या केसांची टोकं झिजलेल्या कुंच्यासारखी होती, तुटलेली, फाटलेली. म्हणजे ते नुसते गळत नव्हते. बंडू ते चाटून, चावून तोडत होता. आजी घरभर झाडत होत्या त्यातले बरेचसे केस खाजेचे होते.

एकदा हे दिसलं की बाकीचं दिसायला लागलं. पंजांमधले केस लाळेने तांबूस झालेले. कान आतून लाल, हात लावला की गरम. काखा काळवंडलेल्या, शेपटीखाली तोच प्रकार. "हा पाय चाटतो का?" मी विचारलं. "चाटतो की," आजी म्हणाल्या, "रात्रभर. सवयच आहे त्याला ती." कानातला मळ काचपट्टीवर घेतला तर यीस्ट या बुरशीची गर्दी. अंगातून फणी फिरवून निघालेली काळी भुकटी ओल्या कागदावर टाकली. पिसवांची विष्ठा असती तर लालसर डाग उमटला असता, तो उमटला नाही. त्वचा खरवडून पाहिली, माइट्स, म्हणजे खरजेचे बारीक किडेही नव्हते. खाज बारा महिने, ऋतूशी संबंध नाही. ही चिन्हं खाण्याकडे बोट दाखवतात, पण नुसत्या बोटावर निदान करता येत नाही. हवेतल्या ॲलर्जीतही कुत्रा असाच दिसतो.

आधी कानांचं आणि त्वचेच्या संसर्गाचं औषध दिलं. मग कंटाळवाणी गोष्ट सांगितली. आठ आठवडे एकच खाणं, त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली की शरीराच्या संरक्षण यंत्रणेला त्यांची ओळख पटू नये. खाण्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे 80 टक्के पाच आठवड्यांत सुधारतात, आठ आठवड्यांत 90 टक्क्यांहून जास्त. पण त्या आठ आठवड्यांत बाकी काहीही पोटात जायचं नाही. बिस्किट नाही, ताटातला तुकडा नाही, चावायचं हाड नाही, चवीची टूथपेस्ट नाही. कॉड लिव्हर ऑइल चालू होतं, तेही बंद केलं. माशाच्या तेलातले ओमेगा-3 त्वचेला उपयोगी असतात, पण फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि यकृताच्या तेलात जीवनसत्त्व 'अ' आणि 'ड' एवढं असतं की अंदाजाने चमचे ओतत राहिलं तर ते अंगात साठतं.

"आणि पिसवांची दर महिन्याची गोळी मात्र चुकवू नका," मी बजावलं. एक पिसू चावली तरी सगळा हिशेब बिघडतो. ही गोळी माझ्याच दवाखान्यातून जात होती.

नातीला काम दिलं. रोज रात्री बंडूच्या खाजेला दहापैकी गुण द्यायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. तिच्या शिंकांबद्दल मी आजींना खोटी आशा दाखवली नाही. माणसांना कुत्र्याची ॲलर्जी होते ती केसांमुळे नव्हे, तर लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. केस ती फक्त वाहून नेतात. बंडूचं खाणं सुधारून तिचं नाक थांबेल असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, हेही सांगितलं. तिला तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि बंडूला तिच्या पलंगापासून दूर झोपवायला सांगितलं. हा भाग तिला अजिबात आवडला नाही.

साठाव्या दिवशी तिघं परत आले आणि बंडूचे कान लाल होते.

मला राग आला. खरं सांगायचं तर तो थेट आजींवर आला, कारण या बाबतीत आजी-आजोबांचा माझा अनुभव वाईट आहे. लाड करणारा हात कुठला, हे शोधण्यात माझी निम्मी तपासणी जाते. मी नेहमीचे प्रश्न विचारले, पण विचारण्यात प्रश्न कमी आणि आरोप जास्त होता. जेवताना तो जवळ बसतो ना? खाली काही सांडतं? शेजारचं कोणी काही घालतं? दुपारी घरात तुम्ही एकट्याच असता ना?

आजी आधी उत्तरं देत होत्या. शेवटच्या प्रश्नाला थांबल्या. "दोन महिने मी त्याला दुसऱ्या खोलीत कोंडून जेवतेय," त्या म्हणाल्या. "तो दाराआड रडतो आणि मी इकडे जेवते. कणभर दिलं असेल तर शपथ."

मग कोणीच काही बोललं नाही. नातीने दप्तरातून कॅलेंडर काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तिने आकड्यांवर रंगीत ठिपकेही दिले होते: हिरवा, पिवळा, लाल. प्रयोग सुरू झाला सहा तारखेला, गुण आठ. आठ, आठ, सात, सहा. महिनाअखेर चार. मग एकदम सात. आठवडाभर लाल ठिपके. पुन्हा उतरण: पाच, चार, तीन. आणि परवापासून परत सात.

मी पाहत राहिले. कोणी चोरून खायला घालत असतं तर ठिपके असे दिसले नसते. चोरी कधीही होते, रविवारी होते, पाहुणे आले की होते. हे एखाद्या पगाराच्या तारखेसारखं नेमाने येत होतं.

"एक तारखेनंतर होतं," नात म्हणाली. तिने ते आधीच हेरलं होतं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये कसं सांगायचं, एवढंच तिला कळत नव्हतं.

"एक तारखेला काय असतं?"

"त्याची गोळी," आजी म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलीत. ती तेवढी आवडीने खातो बिचारा. आता तीच त्याची मेजवानी."

मी उठले आणि मागच्या कपाटातून त्या गोळीचं पाकीट काढलं. अशी पाकिटं मी कित्येक वर्षं देत आले आहे. कुत्र्याने खुशीने खावी म्हणून या चघळायच्या गोळ्यांना स्वाद लावलेला असतो, आणि तो स्वाद बहुतेकदा कुठल्यातरी प्राण्याच्या मांसाचा किंवा यकृताचा असतो. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. पाकिटावर बीफ असं स्वच्छ छापलेलं होतं. टूथपेस्टपर्यंतची यादी मी त्यांना दिली आणि स्वतःच्या हाताने दिलेली गोळी त्यात धरली नाही. औषध हे माझ्या डोक्यात खाण्याच्या खात्यात जमाच होत नव्हतं.

मुलगा पाकीट माझ्या हातून घेऊन वाचत होता. त्याने काही म्हटलं नाही, हे त्याचं मोठेपण.

मी आजींची माफी मागितली. तिथेच, सगळ्यांसमोर. मघाशी ज्या आवाजात विचारलं होतं त्याबद्दलही. आजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पहिल्यांदाच अगं-तुगंवर आल्या. "राहू दे गं ते. गोळी बदल तेवढी."

गोळीऐवजी मानेमागे त्वचेवर सोडायचे थेंब सुरू केले. खाणं तेच, कॅलेंडर तेच. पुढच्या एक तारखेला नातीने मला फोटो पाठवला: तीन, तीन, दोन, तीन. त्या महिन्यात लाल पेन लागलंच नाही, असंही खाली लिहिलं होतं. आणखी काही आठवड्यांनी गुण दोनवर स्थिरावला.

तरी पुरावा पूर्ण होत नाही. जुनं खाणं परत देऊन खाज परत येते का, हे पाहावं लागतं, आणि इथे निम्मे लोक पाठ फिरवतात. बऱ्या झालेल्या कुत्र्याला मुद्दाम कशाला त्रास द्यायचा? आजींचंही तेच म्हणणं होतं. नातीने त्यांना पटवलं, मी नाही. जुनं खाणं सुरू केल्यावर तिसऱ्या रात्री गुण सहा. लगेच थांबवलं. अंग शांत झाल्यावर एकेक पदार्थ पाहिला. चिकन दोन आठवडे दिलं, काहीच झालं नाही. गंमत अशी, की वर्षभर घरात सगळा दोष चिकनवर होता. बीफ दिल्यावर दुसऱ्याच दिवशी बंडू पाय चाटायला बसला. पाच वर्षं खात आलेल्या पदार्थाची ॲलर्जी कशी, असं मुलाने विचारलं. अशीच होते. शरीराची आधी ओळख व्हावी लागते, मग वैर धरता येतं.

आता बंडू बीफ नसलेल्या खाण्यावर आहे. ते खाणं निवडताना मुलगा पाकीट उलटं करूनच वाचतो. खाज शून्यावर आलेली नाही. तो दोन गुणांचा शिल्लक भाग बहुधा हवेतल्या कशाचा तरी असावा, त्याचं वेगळं चालू आहे. नातीचं औषध तिच्या डॉक्टरांनी सुरू केलंय. शिंका कमी आहेत, त्याचं श्रेय बंडूच्या खाण्याला नाही. दुसऱ्या घराचा विषय निघालेला नाही. मीही आता केसपेपरवर तोंडावाटे दिलेलं प्रत्येक औषध आणि त्याचा स्वाद, असा रकाना ठेवला आहे, आणि तो भरताना दर वेळी आजींचा त्या दिवशीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

केस? लॅब्राडोर आहे तो. केसांचं दुहेरी आवरण, ते गळणारच. कितीही उत्तम खाऊ घाला. मागच्या भेटीत आजींनी सवयीने पिशवी आणली होती. मी विचारलं, किती दिवसांचे? त्या म्हणाल्या, "पंधरा. आणि यातले थोडे सोफ्याखालचे जुने आहेत."