रवा कुठल्या रकान्यात?

पुस्तकातल्या धड्यात पदार्थ फार शहाण्यासारखे वागतात. लाकडाचा ठोकळा स्थायू, पाणी द्रव, फुग्यातली हवा वायू. तिघांची चित्रं, खाली रिकाम्या जागा भरा, संपला धडा. तोच धडा घेऊन आठ-नऊ वर्षांची मुलं स्वयंपाकघरात उतरली की ही शिस्त टिकत नाही. सुटीत आमच्या बिल्डिंगमधली पोरं माझ्याकडे ‘प्रयोग’ करायला येतात. त्यांना मी फ्रिजवर तीन रकान्यांचा कागद चिकटवून दिला. घरात जे सापडेल ते आपापल्या रकान्यात लिहायचं. सुरुवातीलाच रव्यावरून जुंपली.

“रवा द्रव आहे काकू,” एक मुलगी ठासून म्हणाली. “ओतता येतो, आणि ज्या डब्यात ओताल त्याचा आकार घेतो.” व्याख्येत शोधूनही खोट सापडेना. मी गप्प बसले. (उत्तर माहीत असताना गप्प बसायचं म्हणजे जीव कासावीस होतो.) मग एकानं ताटात रवा ओतला, त्याचा ढीग झाला. “आता पाण्याचा असा ढीग करून दाखव!” तिनं करून पाहिला, ओटा मी पुसला. शेवटी भिंग आलं. भिंगाखाली रव्याचा एकेक कण खडीसारखा कोनेदार दिसत होता. डबा कुठलाही असो, कण काही आपला आकार सोडत नव्हता. रवा रडतखडत स्थायूत गेला. श्रीखंड आणि टूथपेस्टसाठी मात्र मुलांनीच चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘भांडण चालू’.

त्या रकान्यातलं सगळ्यांचं लाडकं म्हणजे कालवलेलं कॉर्नफ्लॉवर. दोन वाट्या पिठाला साधारण एक वाटी पाणी. बुक्की मारा, घट्ट लागतं. बोट अलगद टेकवा, आत बुडतं. झटक्यात दाबलं की पिठाचे कण एकमेकांत अडकतात. सावकाश दाबलं तर मधल्या पाण्यातून त्यांना सरकायला वाव मिळतो. हे मिश्रण मोरीत मात्र ओतू नका, खाली साका बसून पाइप तुंबतो.

हवा दाखवायला फुग्यापेक्षा मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज बरी. आत हवा ओढून घ्यायची, टोकावर अंगठा दाबायचा आणि दट्ट्या रेटायचा. तो बराच आत जातो आणि सोडला की मागे येतो. आता तीच सिरिंज पाण्यानं भरा. सगळ्यांनी मिळून जोर लावला तरी दट्ट्या हलत नाही. वायूच्या कणांमध्ये मोकळी जागा असते, द्रवाच्या कणांत जवळजवळ नसते, हे वाक्य अंगठ्याला कळलं की पाठ करायची गरज उरत नाही.

कापराचा प्रयोग सावकाशीचा. आमच्या सासूबाई कापराच्या डबीत चार मिरे टाकतात, म्हणजे कापूर उडत नाही. मुलांनी तीन ठिकाणी सारखाच कापूर ठेवला: एका उघड्या वाटीत नुसता, दुसऱ्या उघड्या वाटीत मिऱ्यांसह, आणि तिसरा घट्ट झाकणाच्या डबीत. दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन. दोन्ही वाट्या सारख्याच झिजत गेल्या, डबीतला कापूर मात्र होता तेवढाच. पाणी न होता कापूर थेट हवेत जातो, याला पुस्तकात संप्लवन म्हणतात. निकाल सासूबाईंना ऐकवला. त्या म्हणाल्या, “बरं,” आणि डबीत मिरे तसेच ठेवले.

वाफेचं प्रकरण मी माझ्या हातानंच करते. पोरांना ओट्यापासून लांब उभं करायचं. किटलीतलं पाणी खळखळून उकळायला लागलं की नळीच्या तोंडाकडे नीट बघायला सांगते. तोंडाला लागून बोटभर जागेत काहीच दिसत नाही, पांढरं धुकं त्याच्या पुढे सुरू होतं. खरी वाफ असते ती त्या रिकाम्या जागेत. पांढरं दिसतं ते गार होऊन परत पाणी झालेले बारीक थेंब. पाच मिलीच्या चमचाभर पाण्याची आठ लिटरांहून जास्त वाफ होते, हे सांगितल्यावर कुकरची शिटी का उडते ते कुणाला विचारावं लागलं नाही.

पॉट आइस्क्रीमच्या वेळी खरी शंका आली. मीठ टाकलं की बर्फ भराभर वितळतो, मग दूध आणखी गार कसं होतं? वितळायला बर्फाला उष्णता लागते, ग्रॅममागे 80 कॅलरी, आणि ती तो जवळच्या दुधातून ओढून घेतो. खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदूही शून्याखाली गेलेला, त्यामुळे हे मिश्रण शून्यापेक्षा बरंच गार होतं. थर्मामीटरचा पारा शून्याखाली उतरताना सगळे डोकं लावून बघत होते. पुढची निरीक्षणं वहीत नाहीत, कारण वह्या बाजूला पडल्या आणि चमचे आले.

थंडीत खोबरेल तेलाची पाळी आली. पुण्यात डिसेंबरातल्या सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, उन्हात ठेवली की पातळ. साधारण 24-25 अंशांच्या आसपास त्याचा सगळा खेळ. एकानं कागदावर ते स्थायूत लिहिलं, दुपारी दुसऱ्यानं खोडून द्रवात लिहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यानं पुन्हा खोडलं. त्यातल्याच एकाला मग शाळेच्या चाचणीत प्रश्न आला: खोबरेल तेल कोणत्या अवस्थेत असते? त्यानं लिहिलं, “किती वाजता?” बाईंनी अर्धा गुण दिला.